मोहाखालचा आवाज

मोहफुलं वेचताना आमच्याकडे एक नियम आहे. आवाज पडू द्यायचा नाही. वेचणारी बाई वाकलेली असते, मान खाली आणि पाठ जंगलाकडे. तिला शेजारची दिसत नाही, जमिनीवरची पिवळी फुलं तेवढी दिसतात. मग कोण आहे आणि कोण नाही हे कळायचं कसं? आवाजावरून. म्हणून सगळ्यांनी सारखं बोलत राहायचं. काय बोलता याला महत्त्व नाही. सासूची उणीदुणी काढा, रेशनच्या तांदळाला शिव्या द्या, पण बोला. जिचा आवाज थांबला तिला लगेच हाक मारायची. दोन हाकांना ओ आली नाही, तर टोपल्या तिथेच टाकून, पाठीला पाठ लावून, ओरडत रस्त्याकडे निघायचं.

मोहर्लीकडे सफारीला जाणाऱ्या जिप्सीतल्या पाहुण्यांना गाइड सांगतो, शांत बसा, म्हणजे वाघ दिसेल. आम्हाला तो दिसायला नको असतो, म्हणून आमच्या तोंडाची टकळी चालू. डबा वाजवूनही बघितला, डब्याला तो सरावला. माणसाच्या गप्पांना मात्र अजून सरावलेला नाही, असं बुधरीबाई म्हणते. बुधरीबाई गोंड, साठी उलटलेली, अर्धं आयुष्य जंगलात काढलेली. आमच्या चौघींच्या टोळीत तिचा शब्द शेवटचा.

मागच्या वर्षी पलीकडच्या गावची एक बाई गेली. सकाळीच जावेशी तिची कशावरून तरी तणतण झाली होती आणि ती रागानं गप्प होती. बाकीच्यांना वाटलं, रुसली आहे, रुसू दे. टोपल्या भरल्यावर तिला शोधायला लागल्या. तिच्या चपला मोहाच्या बुंध्याशी जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या.

हे सगळं आधी सांगितलं ते कुंतासाठी. नवरा गेल्यावर कुंता बोलेनाशी झाली, आणि न बोलणाऱ्या बाईला मोहाला कोणी सोबत नेत नाही. तिला नेऊ नका, असं पहिल्यांदा म्हणणारी मी होते.

मी उर्वशी. बारावी पास, आणि त्या एका पापाबद्दल गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्या गळ्यात पडलेली. वाचनालय म्हणजे समाजमंदिराच्या कोपऱ्यातलं एक लोखंडी कपाट. चंद्रपूरच्या एका मास्तरांची बायको वारली, तेव्हा घरच्यांनी तिची पुस्तकं पोत्यांत भरून गावाला दिली आणि ते मोकळे झाले. त्या बाईला आत्मचरित्रांचा नाद असावा. दोन कप्पे नुसते लोकांच्या जन्मकथांनी भरलेले, त्यातही बायकांच्या. पुस्तक न्यायला कोणी यायचं नाही. उंदीर तेवढे नेमानं येत.

कुंता आधी अशी नव्हती. ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची लेक आणि ढिवराची बायको. तळ्यात कंबरभर पाण्यात उभी राहून टोपलीनं झिंगे काढायची, आणि तिथूनच तळ्याच्या काठच्या पाळीवरून जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची. कोणाची सून माहेरी का गेली, कोणाच्या बकरीला जुळं झालं, सगळं तिला ठाऊक. दाढेत तंबाखूचा खर्रा धरून बोलायची तरी शब्द न शब्द पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. तिचा नवरा मनसाराम अबोल होता. गावात म्हणायचे, देवानं दोघांच्या वाट्याची जीभ एकीलाच दिली. पहाटे तो जाळं खांद्यावर टाकून पुढे निघायचा, आणि ही चहाची किटली घेऊन मागून. चोवीस वर्षं त्या दोघांचं असंच चाललं होतं.

मागच्या कार्तिकात धान कापणीला आलं होतं. रानडुकरं एका रात्रीत अर्धं वावर लोळवून जात. माझ्या नवऱ्यानं, लच्छूनं, विजेच्या खांबावर आकडा टाकला आणि बांधाच्या कडेनं उघडी तार ओढली. गावातल्या निम्म्या लोकांनी ओढली होती. अंधार पडला की लावायची, पहाटे चारला काढायची, म्हणजे कोणाला काही कळत नाही. त्या दिवशी काढली गेली नाही. मनसाराम तळ्याकडे जाताना आमच्याच बांधावरून खाली उतरला.

कुंता किटली घेऊन मागोमाग पोचली. तार तिनं पाहिली. त्याच्या पोटरीला चिकटलेली पाहिली. तिची किंकाळी ऐकून लच्छू धावला, त्यानं आकडा ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. माणसं जमायच्या आत ती तार गुंडाळून धानाच्या तणसाच्या ढिगात खुपसणारी मी. कुंता मनसारामचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

मग गावची चार मोठी माणसं जमली. त्यांनी तिला समजावलं. समजावलं हा शब्द फार सोज्वळ आहे, पण गावात तोच वापरतात. "गेलेला मानूस परत येते का, बाई? लच्छू आत गेला तं त्याच्या लेकराईनं काय करावं? तुही पोरगी आचल चंद्रपुरात नर्सिंग शिकून राह्यली, तिले कोर्टकचेरीत फिरवतं का?" डॉक्टरला कोणी बोलावलं नाही. छातीत कळ येऊन गेला, असा कागद तयार झाला. कुंतानं सही केली. तिची सही वळणदार आहे, सातवीपर्यंत शिकलेली. ती सही केली आणि त्या दिवसापासून तिचं बोलणं गेलं. हो, नाही, घे, दे, एवढंच उरलं.

गावाला ते सोयीचं झालं, हे कबूल करायला हवं. मलाही झालं. ती रस्त्यात दिसली की माझं काळीज लक्कन हलायचं, आणि ती काही न बोलता पुढे गेली की जीव भांड्यात पडायचा. असे चार महिने गेले.

फाल्गुन आला, मोह टपकू लागला. कुंता टोपली घेऊन आमच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. बुधरीबाई काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "वयनी, तुम्ही नका येऊ. तुम्ही बोलत नाई. तुमाले काई झालं तं आमाले कसं मालूम पडंल?" नियम खरा होता. मी तो वापरला मात्र दुसऱ्याच कामासाठी. मला तिची नजर पाठीवर नको होती.

कुंता मुकाट्यानं वळली. आणि दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत एकटी जंगलात गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. मोहाच्या त्या पट्ट्यात दोन पिल्लांची वाघीण फिरते, हे वनरक्षकानं चावडीवर येऊन सांगितलं होतं, ते कुंतालाही माहीत होतं. तिला परत यायचं आहे की नाही, तेच कळेना. मी अंगणात उभी राहून तिची वाट बघायची. दया आली म्हणून, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटत होती. एक मरण आमच्या घरावर होतंच. दुसरं आलं असतं, तर माझ्या तोंडात भाकर गेली नसती.

चौथ्या दिवशी मी कपाट उघडलं आणि मोठ्या अक्षरांचं एक पुस्तक काढून तिच्या दारी गेले. म्हटलं, "बोलता येत नाई तं वाचा. मोहाखाली बसून जोरानं वाचा. आमी येचतो. तुमच्या टोपल्यात सगळ्याजनी ओंजळ ओंजळ टाकू." तिनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं. दुसऱ्या सकाळी ती आली.

ते पुस्तक एका खानावळवाल्या बाईचं होतं, तिकडे साखर कारखान्याच्या गावातल्या. कुंता बुंध्याला पाठ लावून बसली, पोथी वाचावी तसं बोट ठेवून वाचू लागली. आवाज गंजलेला होता. एकेक शब्द सुटा पडायचा, वाक्याचा शेवट कुठे आहे ते तिलाही कळायचं नाही. आमची चौथी, दीपिका, माघात लग्न होऊन आलेली नवी सून, फुलं वेचता वेचता हसायची. पण आवाज चालू होता, आणि आवाज चालू असला की कंबर निवांत वाकते. भाजीत खोट काढणाऱ्या एका साहेबाला त्या खानावळवालीनं चुलीपुढे बसवून पोळ्या लाटायला लावल्या, हे आलं तेव्हा बुधरीबाई कमरेवर हात देऊन उभीच राहिली. म्हणाली, "पुन्यांदा वाच थे." कुंतानं पुन्हा वाचलं, आणि यावेळी न अडखळता.

मला मात्र घोर लागला होता. आत्मचरित्र लिहिणाऱ्या बायकांची एक खोड आहे. त्या नवरा गेल्यावर लिहितात. तो असताना त्यांना सवड कुठली, आणि धीर तरी कुठला. म्हणजे पुस्तक कोणतंही घ्या, कुठेतरी तो मरणारच. मी रोज दुपारी पुढची पानं चाळायची, आणि नवरा मरतो ती पानं टाचणी लावून बंद करायची. कुंताला सांगितलं, "टाचनीची पानं सोडून द्या, त्याच्यात काई मजा नाई." तिला जपण्यासाठी करते, असं मी स्वतःला बजावत होते. खरं तर कुंतानं मोठ्यानं कुणाच्या नवऱ्याचं मरण वाचावं, आणि मी समोर वाकून फुलं वेचावी, हे मला झेपणार नव्हतं.

दुसरं पुस्तक सायकलवरून बाळंतपणं करत फिरणाऱ्या नर्सबाईचं. तिसरं एका मास्तरणीचं. ही मास्तरीण पन्नाशीत पोहायला शिकली. पहिल्या दिवशी पाण्यात पाय टाकताना तिला कशी हुडहुडी भरली, याची चार पानं होती. कुंता ती वाचता वाचता थांबली. आवाज पडला म्हणून आम्ही तिघी दचकून सरळ झालो. बघतो तर ती हसत होती. तोंडावर पदर, खांदे गदगदत होते. "पन्नास वर्साची बाई," ती म्हणाली, "गुडघाभर पान्याले भेते!" आणि मग खो खो हसली. चार महिन्यांत तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं स्वतःचं वाक्य. दीपिका हसली, बुधरीबाई हसली. मी पण हसले, खोटं का बोलू, मला रडू येईल इतका आनंद झाला. आणि त्याच वेळी मनात आलं, बोलायला लागली, म्हणजे आता बोलणार.

त्यानंतर कुंता बदलत गेली. लिहिणाऱ्या बायकांशी ती भांडू लागली. "अवं, नवऱ्यानं पुस्तकं जाळली तं तू काऊन पाहत राह्यली?" असं पुस्तकालाच विचारायची. घरी रोज संध्याकाळी वाचायची. पुस्तकं परत यायची तेव्हा त्यांना सुकवलेल्या झिंग्यांचा वास असायचा, कपाट उघडलं की भपकारा यायचा. तिनं तळ्याच्या मच्छीमार संस्थेत मनसारामच्या जागी स्वतःच्या नावाचा अर्ज दिला. बाईमाणूस जाळं टाकणार का, असं कोणी विचारलं. ती म्हणाली, "नर्सबाई सायकलीनं जंगल फिरली. मी तं माह्या घरच्या तळ्यात उतरून राह्यली." आवाजाला धार आली होती. पाळीवरून जाणाऱ्यांची हजेरी पुन्हा सुरू झाली. कोणीही खूश व्हावं असं हे सगळं होतं. पण मी तळ्याकडची वाट सोडली आणि लांबच्या वाटेनं जाऊ लागले.

एक दिवस मास्तरणीचं पुस्तक परत आलं. टाचण्या काढून घ्याव्या म्हणून मी ते उघडलं. टाचण्या जागेवर होत्या, पण प्रत्येकीशेजारी आधीची रिकामी भोकं होती. मी मागची दोन्ही पुस्तकं काढली. त्यातही तेच. कुंतानं प्रत्येक टाचणी काढली होती, पानं वाचली होती, आणि पुन्हा नीट लावून ठेवली होती. मी काय लपवतेय हे तिला पहिल्यापासून कळलं होतं, आणि तिनं मला लपवू दिलं होतं.

मी तिला विचारलं. कसं विचारलं देव जाणे. ती कपाटातली पुस्तकं बघत होती, वळली नाही. म्हणाली, "थेच पानं कामाची आहेत, उर्वशी. नवरा मेल्यावर तेराव्या दिवशी काय केलं, सैपाक कसा केला, हसू आलं तं कोनापासून लपवलं, हे मले कोन सांगन? इथी तं सगळे म्हन्तेत, विसर." मग तिनं स्वतःच एक पुस्तक निवडलं. माझ्याकडे टाचणीसाठी दिलं नाही. पदराखाली घेऊन गेली.

चैत्र अर्धा सरला होता. फुलं विरळ झाली होती, एका टोपलीसाठी दोन झाडं जास्त फिरावी लागायची, म्हणून आम्ही नाल्यापलीकडे आत गेलो होतो. कुंता ते चौथं पुस्तक वाचत होती, शेवटची पानं. ती बाई कुठल्या तरी खाणीच्या गावातली. नवरा खाणीत मेला, आणि घरी येऊन लोकांनी तिच्याकडून कागदावर सही घेतली. कुंता सपाट आवाजात, न थांबता वाचत होती. "त्या सहीनंतर मी तीस वर्षं जेवले, झोपले, लेकरं वाढवली," तिनं वाचलं, "पण माझ्या तोंडात जीभ माझी नव्हती." मी खाली मान घालून वेचत होते. फुलांसोबत पाचोळा, माती, काय हाताला येईल ते टोपलीत टाकत होते.

कुंतानं पुस्तक मिटलं. "सरलं," ती म्हणाली.

तेवढ्यात नाल्याकडच्या झाडावरचं वानर खाकरलं. एकदा, मग लागोपाठ. बुधरीबाईचा हात हवेत थांबला. आम्हाला सांगायची गरज नव्हती. वानर उगाच तसं ओरडत नाही, खाली तो दिसल्यावरच ओरडतं. मोर दोनदा केकावला आणि गप्प झाला. मग काहीच ऐकू येईना. नाल्याच्या काठचं गवत वारा नसताना एका ठिकाणी हललं.

"पाठीले पाठ," बुधरीबाई हलक्या आवाजात म्हणाली. "टोपल्या ऱ्हाऊ द्या. कुंता, वाच."

"सरलं पुस्तक."

"मंग बोल! काई बी बोल, आवाज पडू नको देऊ!"

आम्ही चौघी एकमेकींना पाठ लावून रस्त्याच्या दिशेनं सरकू लागलो. आणि कुंता बोलू लागली. त्या पुस्तकांतल्या बायका सुरुवात करतात तशीच, नावापासून.

"मी कुंता. माह्या मानसाचं नाव मनसाराम. चोवीस वर्सं आमी सोबत राह्यलो. थो बोले नाई, मी बोलो. कार्तिकात, धान कापाच्या पयले, पाह्यटे थो जाळं घेऊन निघाला. मी चहा करून राह्यली होती. दूध फाटलं म्हून मी मागं राह्यली. दूध फाटलं नसतं तं मी त्याच्या संगंच असती."

तिचा आवाज खणखणीत होता. ती त्याला सांगत होती, गवतातल्याला, आणि आम्हालाही. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पाठीचा कणा मात्र माझ्या पाठीला लागत होता, आणि बोलताना त्यातून तिचा श्वास जाणवत होता. मला ओरडून म्हणावंसं वाटलं, वयनी, पुरे. पण कशी म्हणणार? तिचा आवाज थांबला असता तर आम्ही चौघी तिथे नुसतं मांस होतो.

"मी बांधापाशी गेली. थो पडला होता. जाळं अंगावर पसरलं होतं, जसं त्यालेच पकडलं. मी हात लावाले गेली तं मले झटका बसला. त्याच्या पायाले तार होती. पिंडरीचं मास जळून काळं झालं होतं. छातीत कळ नाई आली. त्याले काई नाई झालं होतं छातीत. मनसाराम करंटनं मेला."

दीपिका माझ्या उजव्या बाजूला होती. माघात आलेली पोर, तिला गावानं काही सांगितलं नव्हतं. तिनं घाबऱ्या आवाजात, भाबडेपणानं विचारलं, "कोनाची तार होती, मामी?"

कुंता गप्प झाली.

गवत पुन्हा हललं, यावेळी जवळ. बुधरीबाई कुजबुजली, "कुंता, बोल." कुंता बोलली नाही. तिला भीती वाटली म्हणून नव्हे. पाठीला पाठ लागलेली होती म्हणून मला कळलं, तिचा श्वास संथ होता. तिनं जागा मोकळी सोडली होती. ती जागा माझी होती.

"आमची," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आमच्या बांधावरची तार. लच्छूनं टाकलेली. मी गुंडाळली आन् तनसात लपवली. वयनीनं पाह्यलं. सगळ्या गावाले मालूम आहे. छातीचं खोटं आहे." आणि मग मला थांबता येईना. तार किती लांब होती, तणसात कुठे खुपसली, चार मोठी माणसं कुठे कुठे बसली होती, कोणी कागद लिहिला, सगळं मी त्या जंगलाला ओरडून सांगितलं. आम्ही डांबरी रस्त्याला लागलो तरी मी बोलत होते. वानर केव्हा थांबलं, ते मला माहीत नाही. बुधरीबाईनं माझा दंड धरून हलवला तेव्हा मी गप्प झाले.

संध्याकाळी मी लच्छूला सांगितलं. मला वाटलं होतं, तो हात उचलेल. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "बरं झालं." दुसऱ्या दिवशी तो स्वतःच ठाण्यात गेला. पुढचं सगळं कोर्टात चालू आहे, तारखा पडताहेत, आणि गावातली निम्मी घरं आमच्याशी बोलत नाहीत. त्यांच्याही तारा आहेत. ते मी इथे उगाळत बसत नाही. कुंताचा अर्ज मंजूर झाला. आता ती पहाटे स्वतः जाळं टाकते, आणि रात्रीची तार कोणाच्या बांधावर राहिली, हे पाळीवरून नाव घेऊन ओरडते.

पण त्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं. लच्छू ठाण्यात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कुंता माझ्या दारात उभी राहिली. हातात टोपली. पुस्तक नव्हतं.

"चाल," ती म्हणाली. "शेवटची फुलं आहेत. आज मी येचतो. तू बोल."

"मी काय बोलू?"

"त्या रोजचं. माह्या बाजूचं मी सांगतलं. तुह्या घरातलं मले मालूम नाई."

जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. नाल्याच्या अलीकडे, पहिल्याच झाडाखाली मी बुंध्याला पाठ लावून बसले. कुंता, बुधरीबाई, दीपिका तिघी वाकल्या. सगळीकडे मोहाचा गोड दर्प होता, आणि जंगल इतकं शांत होतं की फूल पडलेलं ऐकू येत होतं. मी तारेपासून सुरुवात केली. कुंता म्हणाली, "थे आयकलं. त्याच्या पयलेचं सांग. तार पाह्यटे चारले निघे. त्या रोजी काऊन नाई निघाली?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मोठ्या माणसांनी नाही, पोलिसांनी नाही. लच्छूला वाटत होतं, त्याचाच डोळा लागला. इतके महिने तो तेच धरून स्वतःला खात होता, आणि मी त्याला खाऊ दिलं.

"त्याले ताप होता," मी खाली बघत म्हणाले. "चारचा गजर वाजला. त्याची झोप मोडू नये म्हून मी मोबाइल बंद केला. म्हनलं, तार मीच काढतो. घडीभर पडली. आन् माहाच डोळा लागला."

कुंताचे हात फुलांवर थांबले. ती उठली नाही, माझ्याकडे आली नाही, रडली नाही. मग एकेक फूल उचलू लागली.

"जोरानं बोल," ती म्हणाली. "बुधरीबाईले आयकू नाई येऊन राह्यलं."